फळ्यावर नसलेला रकाना

एका शहरात एक सॉफ्टवेअर कंपनी होती. शहराचे नाव विचारू नका. कुठेही गेलात तरी पळसाला पाने तीनच.

कंपनीचे काम साधे होते, पण जोखमीचे. खेड्यापाड्यांतल्या आरोग्य केंद्रांत लहान मुलांच्या लसी फ्रिजमध्ये ठेवतात. फ्रिज गरम झाला की लस निकामी होते, आणि निकामी लस दिसायला चांगल्या लसीसारखीच असते. म्हणून प्रत्येक फ्रिजमध्ये एक सेन्सर बसवला होता. तो दर दहा मिनिटांनी तापमान कळवी. तापमान वाढले की तिथल्या सिस्टरच्या फोनवर भोंगा वाजे. तो भोंगा वेळेवर वाजावा, एवढ्यासाठी ही सगळी कंपनी, तिची काचेची इमारत आणि तिचे कॅन्टीन होते.

कंपनीत दोन टीम होत्या. एकीची प्रमुख हेमलता सुरवसे. वीस वर्षे कोड लिहून तिचे केस पिकले होते आणि तिला कशाचीच घाई नसे. दुसरीचा प्रमुख तन्मय घैसास. हा हुशार, झपाट्याचा, आणि आपला झपाटा चार लोकांना दिसावा अशी हौस असलेला. कंपनीचा एक जुना नियम होता. एका टीमने कोडमध्ये बदल केला की दुसऱ्या टीममधल्या कोणीतरी तो ओळ न् ओळ वाचायचा. याला ते रिव्ह्यू म्हणत. हेमलताच्या टीमची त्यातही एक रीत होती. लिहिणाऱ्याला शेजारी बसवायचे आणि जागोजागी थांबून विचारायचे, "आणि हे नाही आलं तर?" सेन्सरचा आकडा नाही आला तर? नेटवर्क नाही आले तर? वीज नाही आली तर? लोक या प्रश्नाला वैतागत. पण सहा वर्षांत भोंगा एकदाही चुकला नव्हता.

कंपनीचे मालक खांबेटेसाहेब एकदा कुठल्याशा परिषदेला गेले. तिथे जो तो सांगत होता की आमच्याकडे आता एआय कोड लिहितो. साहेबांपाशी सांगण्यासारखे काही नव्हते. जेवणाच्या रांगेत त्यांना फार ओशाळल्यासारखे झाले. परत येताच त्यांनी एक सल्लागार बोलावला. त्याचे नाव निरंजन टिपणीस. कोडिंग करणाऱ्या टीमना एआय सहायक पारखून द्यायचा, पटला तर वापरायला शिकवायचा, हा त्याचा धंदा. या टिपणीसला अहो-जाहो करणे माझ्या जिवावर येते, म्हणून एकेरीतच सांगतो. तो मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता.

टिपणीसने सहा आठवड्यांची चाचणी मांडली. तन्मयच्या टीमला एआय सहायक द्यायचा, हेमलताच्या टीमला द्यायचा नाही. दोघांना सारखेच काम. कॅन्टीनच्या दाराशी एक पांढरा फळा लावला. त्यावर दोन रकाने आखले. कोणत्या टीमचे किती बदल पुरे झाले, ते रोज संध्याकाळी लिहायचे.

पहिल्या आठवड्यात तन्मयचे बावीस झाले, हेमलताचे नऊ. दुसऱ्या आठवड्यात तन्मयचे एकेचाळीस, हेमलताचे सहा. खांबेटेसाहेब जेवायला जाताना फळ्याचा फोटो काढत आणि कुणाकुणाला पाठवत. हेमलताच्या टीममधली माणसे कॅन्टीनला मागच्या दाराने जाऊ लागली.

आता त्या फळ्यामागे काय चालले होते ते ऐका. नियम जुनाच होता. तन्मयचा प्रत्येक बदल वाचायला हेमलताच्या टीमकडे येई. टीममध्ये माणसे चार. एआय सहायक भराभर लिही, बहुतेकदा चांगले लिही. चुके तेव्हाही इतके नीटनेटके चुके की दोनदा वाचल्याशिवाय चूक हाती लागत नसे. दहातले चार बदल हेमलता परत पाठवी. काय बिघडले आहे आणि कसे सुधारायचे, तेही लिहून देई. तन्मयची माणसे ते तसेच्या तसे एआयला सांगत, सुधारलेला बदल येई आणि तन्मयच्या रकान्यात एक आकडा वाढे. दळण हेमलताचे आणि पीठ तन्मयच्या डब्यात. तिच्या टीमचे स्वतःचे काम दुपारी चारनंतर कसेबसे सुरू होई, म्हणून तिचा आकडा खाली जाई. आणि जितका तो खाली जाई, तितका तन्मय मोठा दिसे.

एकोणिसाव्या दिवशी टिपणीस तिच्या टेबलाशी आला.

"तुमचा आकडा रोज घसरतोय. काही अडचण आहे का?"

"खुर्ची ओढा," हेमलता म्हणाली. "आज दिवसभर इथंच बसा."

तो बसला. हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे की तो खरोखर दिवसभर बसला. हेमलताने त्या दिवशी तन्मयच्या टीमचे सतरा बदल वाचले. त्यातल्या एकात असे लिहिले होते की भोंगा तीनदा वाजूनही कोणी फोन उचलला नाही, तर भोंगा बंद करावा. ती थांबली. "सिस्टर कुणाच्या बाळंतपणात अडकलेली असली आणि नाही आली तर?" तो बदल घेऊन शेजारी बसलेल्या, तन्मयच्या टीममधल्या मुलीने मान खाली घातली आणि बदल परत नेला. संध्याकाळी पाच वाजले तेव्हा हेमलताने स्वतःची एकही ओळ लिहिली नव्हती.

तिने कॅन्टीनच्या दाराकडे बोट केले. "मी आज जे केलं, त्याला तुमच्या फळ्यावर रकाना कुठाय?"

टिपणीस म्हणाला, "म्हणजे एआय नको, असं म्हणताय तुम्ही?"

"असं कोण म्हणालं? घरी मी स्वतः वापरते. कंटाळवाणी कामं झकास करतं ते. हत्यार चांगलंच आहे हो. तुमचं माप खोटं आहे."

टिपणीसला ते पटले. नुसते पटले नाही, त्याने ते रिपोर्टमध्ये लिहिलेसुद्धा, चांगले पानभर. त्यात होते की बदल वाचणाऱ्यांचा वेळ मोजलेला नाही. तो धरला तर काम थोडेच वाढलेले दिसते. एआय जरूर घ्यावा, पण रिव्ह्यूचा नियम मोडू नये. उलट लिहिणे जितके वाढेल तितके वाचणारे वाढवावेत. इतके स्वच्छ पान त्याने आयुष्यात दुसरे लिहिले नसेल.

खांबेटेसाहेबांनी रिपोर्ट वाचला. "टिपणीस, फक्कड जमलाय. हे एवढं पान मात्र काढा."

"का साहेब? तेच तर महत्त्वाचं आहे."

"महत्त्वाचं असेल, पण लोक गोंधळतात. माझ्या ओळखीच्या चार कंपन्या हा रिपोर्ट बघून तुम्हाला बोलवणार आहेत. त्यांना हो की नाही, एवढंच हवंय."

समोर चहा होता. चहा संपेपर्यंत टिपणीस विचार करत होता. चहा संपला आणि त्याने पान काढले.

इथे मला राग आवरत नाही. एखाद्याला कळतच नाही, त्याला काय बोलायचे? पण या माणसाला सगळे कळले होते. शेजारी बसून, डोळ्यांनी पाहून, स्वतःच्या हाताने लिहून झाले होते. त्याने खोटे काहीच लिहिले नाही, हेही खरे. नुसते मूग गिळले. आणि असली माणसे रात्री स्वस्थ झोपतात, कारण आपण खोटे बोललो नाही याचे त्यांना केवढे समाधान असते.

रिपोर्ट सगळ्यांना वाटला गेला. सगळ्यांना एआय सहायक मिळाला, कॅन्टीनचा फळाही तसाच राहिला. साहेबांनी सांगितले की रिव्ह्यूमुळे गती मंदावते, यापुढे ज्याचा बदल त्यानेच पाहून मंजूर करावा. हेमलताची टीम 'संथ' ठरली आणि मोडली गेली. दोघांना तन्मयकडे धाडले, एकजण नोकरी सोडून गेला, आणि हेमलताला मदत कक्षात फोन घ्यायला बसवले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. दिवसभर ती लोकांना सांगे, पासवर्ड असा बदला, ॲप पुन्हा टाका. तुम्ही विचाराल, बाई राजीनामा देऊन का गेली नाही? तेही तिला एकाने विचारले होते. ती म्हणाली, "फ्रिज अजून तिथंच आहेत ना."

तीन महिने गेले. चैत्राचे ऊन तापले. डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात सुमन पाडवी नावाच्या सिस्टर होत्या. एका शुक्रवारी संध्याकाळी तिथला विजेचा दाब अचानक वाढला आणि फ्रिजचा स्टॅबिलायझर जळाला. फ्रिज बंद पडला, तरी अस्तरातल्या बर्फामुळे तो दोन-तीन दिवस गारवा धरून राहिला. त्याच स्टॅबिलायझरला जोडलेला सेन्सरही बंद पडला. खोलीतले दिवे मात्र चालू होते, त्यामुळे कोणाला काही कळले नाही. सिस्टरांच्या फोनवर हिरव्या रंगात आकडा दिसत होता. चार पूर्णांक दोन. लसीला हवे तसे तापमान.

मंगळवार लसीकरणाचा दिवस. आया पाड्यांवरून चालत आल्या. सिस्टरांनी कुपी उचलली आणि त्यांच्या हाताला ती पुरेशी गार लागली नाही. पूर्वी फ्रिजमध्ये काचेचा थर्मामीटर असे आणि दिवसातून दोनदा तापमान वहीत लिहायचे असे. ॲप आले म्हणून वरून पत्र आले आणि ते बंद झाले. सिस्टरांनी फोन पाहिला. हिरवा आकडा होता. बाहेर उन्हात रांग होती. त्यांनी लस दिली, एकामागून एक, दिवसभर.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी फ्रिज उघडला तर कुप्या चक्क कोमट लागल्या. त्यांनी फ्रिज पुढे ओढून मागे पाहिले. मग मदत कक्षाला फोन लावला. तो हेमलताने उचलला.

"ताई, फोनवर चार पूर्णांक दोन दाखवतंय आणि कुप्या कोमट झाल्यात. स्टॅबिलायझर जळून काळा पडलाय."

"सिस्टर, काल किती दाखवत होतं? परवा?"

सिस्टर मागचे आकडे वाचत गेल्या. शनिवारी चार पूर्णांक दोन. रविवारी तेच. सोमवारी तेच. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी तेच. चैत्रातल्या उन्हात आठवडाभर आकडा तसूभरही हलला नव्हता. हेमलता खुर्चीतून उठून उभी राहिली.

"या दिवसांत लस दिलीत का कुणाला?"

"मंगळवारी दिली."

"किती मुलं होती?"

"त्रेचाळीस," सिस्टर म्हणाल्या. हेमलताने तो आकडा कागदावर लिहून घेतला.

तिसऱ्या दिवशी कंपनीत बैठक झाली. जिल्ह्याच्या लसीकरणाचे डॉक्टर आले, त्यांच्याबरोबर पाडवी सिस्टर आल्या. तन्मय होता. टिपणीसलाही बोलावून घेतले होते. हेमलताला डॉक्टरांनी मुद्दाम आत बसवले.

खांबेटेसाहेबांनी हात जोडले. "डॉक्टर, फार वाईट झालं. पण आमच्या माणसांची यात चूक नाही. हे एआयनं केलं."

किती सोपे असते पहा. खापर फोडायला असे डोके हवे, ज्याला ना तोंड ना अब्रू. हेमलता पुढे झाली. तिने लॅपटॉप उघडला आणि आकडा जागीच गोठवणारा बदल ज्या दिवशी कोडमध्ये गेला, त्या दिवसाची नोंद भिंतीवरच्या पडद्यावर लावली. एआय सहायक प्रत्येक बदलाखाली चार ओळींची टीप लिहून देई. ती टीप तिने मोठ्याने वाचली.

"सेन्सरकडून आकडा न आल्यास शेवटचे आलेले तापमान दाखवले आहे. फ्रिज आणि सेन्सर एकदम बंद पडल्यास हे धोक्याचे ठरेल. असे चालेल का, ते कृपया ठरवावे."

खाली मंजुरीची वेळ होती. टीप आल्यापासून अकरा सेकंदांनी तन्मयने बदल मंजूर केला होता.

"त्या दिवशी माझ्याकडे अडतीस बदल होते," तन्मय म्हणाला. "सगळं वाचत बसलो असतो तर फळ्यावर..." त्याने वाक्य पुरे केले नाही.

डॉक्टर टिपणीसकडे वळले. "वाचणारी माणसं काढा, असं तुम्ही लिहून दिलंत?"

"नाही. काढा असं मी कुठंच लिहिलेलं नाही."

"काढू नका, असं लिहिलंत?"

टिपणीसने खांबेटेसाहेबांकडे पाहिले. साहेब टेबलावरची पाण्याची बाटली न्याहाळत होते.

"लिहिलं होतं," टिपणीस म्हणाला. "मग ते पान काढलं."

सगळे एआयला शिव्या द्यायला जमले होते ना? त्या एआयला जे कळत नव्हते, ते त्याने सरळ लिहून विचारले होते. आणि टिपणीसला जे पुरते कळले होते, ते त्याने एका कप चहात बुडवले. मी कोणावर चिडू, तुम्हीच सांगा.

पाडवी सिस्टर टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. आता त्या उठल्या. "चूक माझीपण हाये. हाताला कळलं होतं, मी फोनचं ऐकलं. उद्यापासून त्रेचाळीस घरी जाऊन सांगणार हाये, परत लस देणार हाये." मग त्या टिपणीसला म्हणाल्या, "तुम्ही चला माझ्यासंगं."

टिपणीसने घड्याळ पाहिले. म्हणाला, दुसऱ्या एका कंपनीत जायचे आहे.

"जीप सकाळी सहाला निघेल," डॉक्टर म्हणाले. "मीही आहे."

पहिले घर डोंगराच्या अंगाला होते. जीप खाली सोडून अर्धा तास चढावे लागले. रमिला वळवी नावाची बाई दारात बाळाला घेऊन बसली होती. बाळ अडीच महिन्यांचे. मागच्या मंगळवारी लस घेऊन आल्यावर त्याला ताप आला होता. सांगून ठेवले होते की ताप येतो, म्हणून तिने ते बाळ दोन दिवस मांडीवरून खाली ठेवले नव्हते. सिस्टरांनी पेटी उघडली तसे तिने बाळाला पदराखाली घेतले.

"परत सुई? मागची खोटी होती काय?"

सिस्टर टिपणीसला म्हणाल्या, "सांगा हिला."

लोकांना समजावून सांगणे हीच ज्याची भाकरी, त्याने नेहमीच्या सुरात सुरुवात केली. "त्याचं असं झालं," तो म्हणाला, "की सिस्टममध्ये जेव्हा सेन्सरकडून..."

"सिस्टम नको," सिस्टर म्हणाल्या. "हिला समजंल असं सांगा."

टिपणीस दारातच खाली बसला. "असं काहीतरी होईल, हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी सांगितलं नाही."

रमिलाने त्याच्याकडे पाहिले. तिला वाटले, आपण नीट ऐकले नाही. "माहीत होतं आन् सांगितलं नाय?"

टिपणीसने होकाराची मान हलवली.

ती त्याच्याकडे पाठ करून सिस्टरांकडे वळली. तिने बाळाला पदराखालून काढले आणि त्याची दुसरी मांडी सिस्टरांपुढे केली. सुई टोचली तसे बाळ कळवळून रडू लागले. सिस्टरांनी यादीतल्या पहिल्या नावापुढे खूण केली. उन्हे वर आली होती आणि अजून बेचाळीस घरे बाकी होती.

तात्पर्य: नवे हत्यार पारखताना काम करणाऱ्याचा झपाटा मोजाल, तर ते काम तपासणाऱ्याचे कष्टही मोजा, आणि माप खोटे आहे हे कळूनही जो तोंड मिटून बसतो, त्याचे पाप हत्याराच्या माथी मारू नका.